कुत्र्याच्या रक्तातील ओळखपरेड

कुत्र्याच्या जबड्याखाली, खांद्याच्या पुढे आणि मागच्या पायाच्या गुडघ्यामागे गाठी हाताला लागू लागल्या, की घरची मंडळी दोन तर्क करतात. कोणी म्हणते, कुठे तरी जखम झाली असेल, अवधाण आले आहे, उतरेल आपोआप. कोणी म्हणते, हा कॅन्सर, आता याचे काही खरे नाही. दोघांचेही बरोबर असू शकते आणि दोघांचेही चूक असू शकते. गाठ हाताला सारखीच लागते. एवढेच नव्हे, तर कित्येकदा सूक्ष्मदर्शकाखालीही ती जवळजवळ सारखीच दिसते. मग निवाडा करायचा कोणी आणि कशाच्या आधारावर? आज बोलायचे आहे ते या निवाड्याविषयी.

आधी रक्ताचा हिशेब पाहू. निरोगी कुत्र्याच्या एक घन मिलिमीटर रक्तात तांबड्या पेशी साधारण ५५ ते ८५ लाख असतात. पांढऱ्या पेशी त्यामानाने अगदी थोड्या, ६ हजारांपासून १७ हजारांपर्यंत. तांबडी पेशी ही हमाल. प्राणवायू उचलायचा आणि पोचवायचा, एवढेच तिचे काम. पांढऱ्या पेशी मात्र राखणदार. म्हणजे तुमच्या राखणदाराच्या अंगातले राखणदार म्हणा ना. कोणी जंतू गिळते, कोणी जंतूंवर सोडायचे द्रव्य तयार करते, तर कोणी रोगाने पछाडलेली आपलीच पेशी ठार मारते. इतकी निरनिराळी कामे करणाऱ्या या पेशी एकमेकींपासून ओळखायच्या कशा?

पहिला उपाय रंगाचा. जर्मनीत पाउल एर्लिख नावाच्या तरुण डॉक्टरने १८७९ च्या सुमारास कापडाच्या धंद्यात वापरतात त्या जातीचे रंग रक्ताच्या थेंबाला लावून पाहिले. कोणत्या पेशीतले कण तांबूस झाले, कोणत्या पेशीतले निळे झाले, काहींनी रंग फिकाच घेतला. त्यावरून पांढऱ्या पेशींच्या जाती पडल्या. आजही आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात काचेवर रक्त पसरून त्याला रंग लावतात, ती पद्धत तिथूनच आलेली. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर शिक्षकांनी तयार काच मागवून मुलांना अवश्य दाखवावी. जिचे केंद्रक तुकड्यातुकड्यांचे दिसते ती न्यूट्रोफिल, मोठी आणि घडीच्या केंद्रकाची ती मोनोसाइट, आणि लहानशी, गोल, जिच्यात बहुतेक सगळी जागा केंद्रकानेच अडवलेली असते ती लिम्फोसाइट.

रंगाची मात्रा इथपर्यंतच चालते. कारण लिम्फोसाइट ही एक जात नव्हे. तिच्यात दोन मोठी घराणी आहेत. छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होऊन बाहेर पडते ते टी घराणे. दुसरे बी घराणे. या ‘बी’ची गोष्ट आपल्या कोंबडी पाळणाऱ्यांना आवडावी. कोंबडीच्या आतड्याच्या शेवटाला बर्सा नावाची एक छोटी पिशवी असते. ती लहानपणी काढून टाकली, तर कोंबडी रोगाशी लढायचे द्रव्य नीट बनवू शकत नाही, असे अमेरिकेत ब्रूस ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. १९५६ साली त्यांनी ते कुक्कुटपालनाच्या एका मासिकात छापले. माणसांच्या डॉक्टरांनी ते बरीच वर्षे वाचलेच नाही! कुत्र्याला आणि माणसाला ही पिशवी नाही; त्यांची बी पेशी हाडाच्या मगजात तयार होते. पण नाव राहिले ते कोंबडीचे.

टी पेशी आणि बी पेशी रंग लावून शेजारी शेजारी ठेवल्या, तर भल्याभल्या जाणकारालाही नुसत्या डोळ्यांनी त्या वेगळ्या सांगता येत नाहीत. आठवड्याच्या बाजारात शंभर माणसे पांढरी टोपी आणि पांढरा सदरा घालून उभी असली, तर लांबून कोण कोणत्या गावचा हे काय कळणार? जवळ गेल्यावर मात्र खुणा दिसतात. कोणाच्या गळ्यात तुळशीची माळ, कोणाच्या कानात बाळी, कोणाच्या दंडावर गोंदलेले नाव. पेशीच्या अंगावरही अशा खुणा असतात. त्या प्रथिनांच्या बनलेल्या असतात आणि इतक्या बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. तेव्हा खूण दिसत नसली तरी ती चाचपून ओळखणारा कोणी तरी हवा.

असा ओळखणारा म्हणजे प्रतिपिंड. २०२० च्या करोनाच्या साथीत ‘अँटिबॉडी’ हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला, तोच हा. परकी वस्तू अंगात शिरली, की तिच्या आकाराला नेमके चिकटेल असे प्रतिपिंड शरीर बनवते. आता कुत्र्याच्या पांढऱ्या पेशी उंदराला टोचल्या तर? उंदराच्या लेखी त्या परक्या. त्यांच्या अंगावरच्या प्रत्येक खुणेविरुद्ध तो प्रतिपिंडे बनवतो. अडचण एवढीच, की ती सगळी एकात एक मिसळलेली असतात. एक या खुणेला चिकटते, दुसरे त्या खुणेला. अशा मिसळीने ओळख पटवणे म्हणजे एकाच वेळी पन्नास साक्षीदारांना बोलायला लावण्यासारखे आहे.

ही अडचण १९७५ साली सुटली. इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे सेझार मिल्स्टाइन आणि जॉर्जेस कोहलर यांनी उंदराच्या प्लीहेतली प्रतिपिंड बनवणारी पेशी घेतली. ही पेशी मोठी गुणी, पण काचेच्या भांड्यात तिचे आयुष्य थोडक्या दिवसांचे. तिचा त्यांनी एका कर्करोगी पेशीशी संकर घडवला. कर्करोगी पेशी निरुपद्रवी नसते खरी, पण तिला मरण ठाऊक नसते. संकरित ज्वारीत एका वाणाचा एक गुण आणि दुसऱ्याचा दुसरा गुण आपण एकत्र आणतो ना, तसाच हा प्रकार. संकरित पेशी प्रतिपिंडही बनवते आणि मरतही नाही. मग एकेक पेशी वेगळ्या खळग्यात वाढवायची आणि कोणत्या खळग्यातले प्रतिपिंड कशाला चिकटते ते तपासत बसायचे. शेकडो खळग्यांतून कामाचे एखाद दुसरेच निघते. पण जे निघते ते अगदी एकजिनसी, एकाच खुणेला चिकटणारे आणि हवे तितके मिळणारे. या कामासाठी दोघांना १९८४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या युक्तीचे पेटंट कोणी घेतले नाही, त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळा ती लगेच वापरू लागल्या.

इतक्या ठिकाणी इतकी प्रतिपिंडे तयार झाली, की नावांचा गोंधळ उडाला. एकाच खुणेला चार शहरांत चार नावे. म्हणून १९८२ साली पॅरिसला शास्त्रज्ञ जमले आणि माणसाच्या पांढऱ्या पेशींवरील खुणांना त्यांनी क्रमांक दिले. त्या क्रमांकांच्या आधी ‘सीडी’ ही अक्षरे लावतात. हा शब्द तुम्हाला अगदीच नवा नसेल. एचआयव्हीच्या रुग्णांची ‘सीडी-४’ मोजणी सरकारी रुग्णालयांतून होत आली आहे. त्यातला ४ हा याच यादीतला क्रमांक. सीडी-३ म्हणजे टी पेशी. टी पेशींपैकी मदतनिसांवर सीडी-४ आणि मारेकऱ्यांवर सीडी-८. सीडी-२१ बहुतेक बी पेशींवर. सीडी-३४ ही मगजातल्या अगदी कोवळ्या पेशींची खूण. आणि सीडी-४५ जवळजवळ सर्वच पांढऱ्या पेशींवर असते.

आता तुम्ही म्हणाल, माणसांसाठी बनवलेली ही प्रतिपिंडे बाटलीतून काढावीत आणि कुत्र्याच्या रक्तात घालावीत, झाले काम! नाही होत. खुणेचे नाव एक असले तरी तिचा घाट माणसात निराळा आणि कुत्र्यात निराळा असतो. शेजाऱ्याच्या कुलपाची किल्ली आपल्या कुलपात जाते, पण फिरत नाही, तसे. बहुतेक मानवी प्रतिपिंडे कुत्र्याच्या पेशीला चिकटतच नाहीत. थोडी चिकटतात, आणि ती का चिकटतात हे समजण्याजोगे आहे. खुणेचे एक टोक पेशीच्या बाहेर असते आणि दुसरे आत. बाहेरचे टोक प्राण्याप्राण्यांत बदलत गेले, पण आतले शेपूट पेशीच्या आतील कारभाराशी जोडलेले असल्यामुळे पुष्कळसे तसेच राहिले. म्हणून सीडी-३ आणि सीडी-७९-ए यांच्या आतल्या टोकाविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडे माणसाच्या पेशींवर चालतात आणि कुत्र्याच्या पेशींवरही चालतात.

बाकीच्यांसाठी कुत्र्याची स्वतंत्र प्रतिपिंडे घडवावी लागली. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठात पीटर मूर यांच्या प्रयोगशाळेने यातली पुष्कळ तयार केली. इंग्लंडमधल्या संशोधकांनी लहान उंदराऐवजी मोठा पांढरा उंदीर वापरून आणखी काही बनवली. मग माणसांच्या बाबतीत झाले तेच इथेही करावे लागले. निरनिराळ्या प्रयोगशाळांची प्रतिपिंडे एकत्र आणून ताडून पाहण्यात आली आणि १९९४ साली त्या पहिल्या आंतरराष्ट्रीय पडताळणीचे निष्कर्ष छापले गेले.

या कामात एक चमत्कारिक गोष्ट उघड झाली. १९९२ साली मूर यांच्या गटाने दाखवले, की कुत्र्याच्या न्यूट्रोफिल पेशींवर सीडी-४ ही खूण भरपूर असते. माणसात असे नसते. माणसात सीडी-४ म्हटले, की प्रामुख्याने मदतनीस टी पेशी. आता समजा, एखाद्याने माणसाचा धडा पाठ केला आणि कुत्र्याच्या रक्तात सीडी-४ च्या पेशी मोजल्या. कुत्र्याच्या रक्तात न्यूट्रोफिल सर्वांत जास्त! मदतनिसांची संख्या भलतीच फुगून येणार. कुत्रा म्हणजे चार पायांचा लहान माणूस नव्हे, हे शास्त्रज्ञांनाही असे ठेचकाळत शिकावे लागते.

प्रत्यक्ष तपासणी कशी होते ते थोडक्यात सांगतो. प्रतिपिंडाला आधीच एक चमकणारा रंग जोडलेला असतो. गाठीतून सुईने काढलेल्या किंवा रक्तातल्या पेशींत ते मिसळतात, न चिकटलेले धुऊन टाकतात आणि त्या पेशी एकामागून एक, पावट्याच्या दाण्यांसारख्या, बारीक धारेतून लेसरच्या प्रकाशापुढून सोडतात. जिच्यावर खूण आहे ती चमकते. यंत्र मोजत जाते. थोड्या मिनिटांत हजारो पेशींची ओळखपरेड उरकते.

आता याचा उपयोग काय ते पाहू, आणि सुरुवात करू न सापडलेल्या खुणेपासून. आयरिश सेटर जातीच्या काही पिलांना जन्मापासून वारंवार ताप येई, बेंबी आणि हिरड्या सुजत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढलेल्या, पण जखमेत पू मात्र नाही. फौज भरपूर आणि रणांगण रिकामे, हे कोडे काय? १९८७ साली अशाच एका पिलाच्या पेशी प्रतिपिंडांनी तपासल्या, तेव्हा रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बाहेर उतरण्यासाठी जे प्रथिन लागते, तेच पेशींवर नसल्याचे दिसले. त्याचा मुख्य भाग सीडी-१८. १९९९ साली त्यामागचा आनुवंशिक दोषही सापडला. हे ऐकून पशुपालकांनी कान टवकारावेत, कारण होल्स्टिन जातीच्या वासरांत याच प्रथिनाचा दोष आढळला आहे. वासराला पुन्हा पुन्हा न्युमोनिया होतो, हगवण लागते, तोंडात फोड येतात, आणि ते बहुधा लहानपणीच मरते. दोष वाहणारा वळू आणि दोष वाहणारी गाय दोन्ही दिसायला धडधाकट असतात, पण त्यांच्या चार वासरांत सरासरी एक बाधित निघते. म्हणूनच आपल्या देशात कृत्रिम रेतनासाठी ठेवायच्या होल्स्टिन वळूंची या दोषासाठी तपासणी करतात.

आता सुरुवातीच्या गाठींकडे येऊ. लिम्फोसाइट पेशींचा कॅन्सर, ज्याला लिम्फोमा म्हणतात, तो कुत्र्यांत पुष्कळ आढळतो. त्यातले बहुसंख्य बी पेशींचे. भरभर वाढणाऱ्या लिम्फोमावर उपचार केला नाही, तर कुत्रा बहुधा एक-दोन महिन्यांचा सोबती. अनेक औषधांचा मिळून उपचार केला, तर बी जातीत वर्षभराच्या आसपास आयुष्य मिळते. टी जातीत साधारणपणे त्याहून कमी. उपचार खर्चाचा आणि हेलपाट्यांचा आहे. घरात मुलांच्या शाळेचा खर्च आहे, दूधही डेअरीला घालायचे आहे; अशा घरधन्याला हा कोणत्या जातीचा रोग आहे हे आधी कळले, तर निर्णय तरी डोळे उघडे ठेवून करता येतो.

यातला एक प्रकार मात्र अगदीच निराळा आहे. टी-झोन लिम्फोमा त्याचे नाव. गोल्डन रिट्रीवर जातीत विशेष दिसतो. गाठी मोठ्या, कॅन्सर तर खराच, पण हा रोग गोगलगाईच्या चालीने जातो. कित्येक कुत्री काहीही जालीम औषध न देता दीड-दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक, शेपूट हलवीत राहतात. त्याची ओळख पटते ती प्रतिपिंडांमुळे. या पेशींवर टी घराण्याच्या खुणा असतात, पण सर्व पांढऱ्या पेशींवर असणारी सीडी-४५ नसते. एवढी एक खूण गायब असल्याचे पाहून जाणकार डॉक्टर हात आखडता घेतो. नाही तर ज्या कुत्र्याला नुसते लक्ष ठेवून जगू द्यायचे, त्याला विषारी औषधांचे हप्ते सुरू व्हायचे, किंवा ‘कॅन्सर’ हा शब्द ऐकून घरचे लोक त्याला कायमचे झोपवायला सांगायचे. उलट बाजूला, रक्तातल्या पेशींवर सीडी-३४ सापडली, तर कोवळ्या पेशींचा तीव्र रक्तकर्करोग असण्याचा संभव मोठा, आणि तिथे दिवस फार थोडे असतात.

आपल्याकडच्या कुत्र्यांच्या बाबतीत एक घोटाळा विशेष सांभाळला पाहिजे, तो गोचिडीचा. तांबूस तपकिरी गोचीड चावली, की एर्लिखिया नावाचे जंतू रक्तात शिरतात आणि मोनोसाइट पेशींत बिऱ्हाड करतात. हे नाव त्याच रंग लावणाऱ्या एर्लिखच्या सन्मानार्थ दिलेले. ताप, अशक्तपणा, नाकातून रक्त, गाठी सुजणे ही त्याची लक्षणे. हा रोग अंगात मुरला, की काही कुत्र्यांत सीडी-८ च्या, म्हणजे मारेकरी टी पेशींची संख्या इतकी वाढते, की तो अहवाल टी पेशींच्या रक्तकर्करोगासारखा वाचता येतो. दोन्हींत खूण तीच, पेशी त्याच. एका ठिकाणी पेशी जंतूशी लढण्यासाठी वाढल्या, दुसऱ्या ठिकाणी बेलगाम झाल्या. प्रतिपिंड एवढेच सांगते, की ‘ही सीडी-८ ची पेशी आहे’. ती का वाढली, हे त्याला विचारून उपयोग नाही. एर्लिखियावर डॉक्सिसायक्लिन हे साधे औषध सुमारे २८ दिवस देतात आणि वेळीच दिले तर कुत्रा बहुधा सुधारतो. म्हणून गोचिडी असलेल्या कुत्र्याच्या रक्तात लिम्फोसाइट वाढलेल्या दिसल्या, तर आधी गोचीडतापाची तपासणी मागावी. महागड्या यंत्राचा कागद हातात असला तरीही मागावी.

हे यंत्र तालुक्याच्या गावी नाही, हे मला ठाऊक आहे. बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणीही कुत्र्यांसाठी ही तपासणी होत नाही. तरी तीन-चार गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. गाठी दिसताच कोणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करू नयेत. गाठी झरझर उतरतात, घरी आनंद होतो. पण लिम्फोमा असेल तर त्याची ओळख पुसट होते आणि पुढे खरे औषधही कमी लागू पडते. नमुना आधी, गोळी नंतर. दुसरे असे, की जबड्याखालची गाठ किडक्या दातामुळेही सुजते, तेव्हा डॉक्टर गुडघ्यामागच्या किंवा खांद्यापुढच्या गाठीत सुई घालायला निघाले, तर ‘गाठ इथे आणि सुई तिथे का?’ म्हणून अडवू नये.

यंत्रात घालायच्या पेशी जिवंत आणि ताज्या लागतात. दोन-तीन दिवसांच्या आत, थंड ठेवून, पण बर्फाला चिकटू न देता त्या पोचल्या पाहिजेत. हे जमण्यासारखे नसेल, तर गाठीचा तुकडा काढून फॉर्मालिनमध्ये घालतात आणि मेणाच्या वडीत बसवतात. अशा तुकड्यावर थोडीच प्रतिपिंडे चालतात, पण मघाशी सांगितलेल्या सीडी-३ आणि सीडी-७९-ए यांची चालतात, आणि टी की बी एवढा निवाडा त्यांच्यावर बहुतेक वेळा होतो. मेणाची वडी वर्षानुवर्षे टिकते. मात्र रक्ताच्या किंवा गाठीच्या पसरलेल्या काचा आणि फॉर्मालिनची बाटली एका डब्यात घालून पाठवू नयेत. बाटलीचे बूच कितीही घट्ट असले तरी तिची वाफ काचेवरच्या पेशींना लागते, आणि मग त्यांच्यावर रंग नीट बसत नाही.